प्रवेश मोफत, परतीची जबाबदारी ज्याची त्याची

भडगावात गाण्याचा मोठा कार्यक्रम ठरला की गावाआधी विजेच्या खांबांना कळतं. पाचोरा रस्ता, चाळीसगाव रस्ता, बसस्टँड, जिथे म्हणून दोरी बांधता येते तिथे फ्लेक्स लागतो. वरच्या पट्टीत थोर पुरुष. त्यांच्याखाली ज्यांचा वाढदिवस ते भाऊ, हात जोडलेले आणि गॉगल लावलेला. दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांचे चेहरे, इतके की मतदारयादी चाळतोय असं वाटावं. जिच्या गाण्यासाठी लोक जमणार ती गायिका उरलेल्या कोपऱ्यात, मावेल तेवढी. आणि या सगळ्यांपेक्षा ठळक अक्षरांत दोन शब्द : प्रवेश मोफत.

या दोन शब्दांपुढे खान्देशी माणूस फार वेळ टिकत नाही. तिकीट असतं तर त्याने चौकशी केली असती. कोण गाणार, बसायला काय, परत यायला गाडी किती वाजता, सगळं विचारून शेवटी परवडत नाही म्हणून घरीच थांबला असता. पण फुकट म्हटलं की प्रश्नच संपतात. "फुकट शे ना भो? मंग चाल!" एवढ्या संवादावर कजगाव, कोळगाव, गुढे, वडजी, आमडदे इथून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरतात.

गाण्याचं वेड आमच्याकडे जुनंच. लता मंगेशकरांचं आजोळ तापीकाठचं थाळनेर, हे आम्ही परगावच्या माणसाला चहाचा पहिला घोट संपायच्या आत सांगतो. आमच्याकडे नवरदेव मारुतीच्या पारावरून मांडवात यायला दोन तास घेतो. अंतर तीनशे पावलांचं असतं, पण पुढे बँड असतो आणि बँडपुढे सगळं गाव. अशा मुलखात फुकट गाणं म्हणजे गर्दीला वेगळं आमंत्रण लागत नाही. लागते ती तिला सुखरूप घरी पाठवायची व्यवस्था, आणि फ्लेक्सवर त्या व्यवस्थेसाठी जागा उरलेली नसते.

मैदानाची रचना एकदा नीट बघून ठेवावी. सगळ्यात पुढे पांढऱ्या अभ्र्यांचे सोफे. त्यांच्यासमोर टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या. सोफ्यांवर नेते, नेत्यांचे मेहुणे आणि मेहुण्यांचे मित्र. त्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या सायंकाळी पाचपासून रुमाल, पिशव्या आणि नातवंडं टाकून धरलेल्या असतात. डावीकडे बांबू बांधून महिलांची जागा. मग उभी गर्दी. मग मोटारसायकलींवर उभी असलेली गर्दी. त्यानंतर आसपासच्या घरांच्या गच्च्या, पत्रे आणि लिंबाची झाडं, त्यांच्यावरही गर्दी. लिंबाचं झाड किती माणसं पेलतं याचा अभ्यास कृषी विद्यापीठाला हवा असेल तर त्यांनी अशा रात्री यावं.

हे भडगावपुरतंच नाही. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याची गौतमी पाटील २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रभर गाजली, तेव्हा तिच्या नाचाइतकीच छपरांचीही बातमी होई. लोक झाडांवर, पत्र्यांवर, कौलांवर चढले, खुर्च्या मोडल्या, ठिकठिकाणी लाठ्या चालल्या. नाचणारीने स्टेज सोडलं नव्हतं. जमीन सोडली होती ती बघणाऱ्यांनी. त्याच काळात तिचं कपडे बदलताना चोरून चित्रीकरण झालं आणि ते मोबाईलवर फिरलं. म्हणजे ज्या बाईला बघायला सगळा तालुका लोटतो, तिला स्वतःला त्या गर्दीच्या गावात दार नीट लावता येईल अशी एक खोली मिळण्याची खात्री नव्हती. यावर विनोद करण्यासारखं काही नाही.

आता कार्यक्रमातल्या सर्वांत शिस्तबद्ध माणसाकडे वळू. तो म्हणजे चोर.

कार्यक्रम सातचा. सातला मांडववाला शिडी शोधत असतो. साडेसातला 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' सुरू होतं. आठला दीपप्रज्वलन, पण काडेपेटी नसते. सव्वाआठपासून सत्कार. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल, पुन्हा श्रीफळ, मग ज्यांचं नाव राहिलं ते रुसून निघाले म्हणून त्यांना गेटवरून परत आणून दोन शाली. या सगळ्यात वेळेवर आलेला, मैदान पायाने मोजून घेतलेला, अंधार कुठे आहे आणि बाहेर पडायची बोळ कुठली हे ठाऊक असलेला एकच माणूस असतो. तो स्टेजकडे बघतही नाही. बाकी सगळे गायिकेकडे बघत असतात, तो बघणाऱ्यांकडे बघत असतो.

त्याचं काम एकट्याचं नसतं. पुढचा एकदम थांबतो. मागचा धक्का देतो. आपण "ओ भाऊ, दिसत नाही का?" म्हणायला मान वळवतो, तेवढ्यात तिसऱ्याने मोबाईल काढलेला असतो आणि चौथ्याच्या हाती दिलेला असतो. चौथा शांतपणे मुरमुऱ्याच्या भत्त्याच्या गाडीकडे चालू लागतो. आपण पकडतो तो दुसऱ्याला, म्हणजे धक्का देणाऱ्याला. त्याच्याजवळ काही सापडत नाही. वर तोच आपल्याला ऐकवतो, "झडती घ्या ना, गरिबाला चोर म्हणता!" भोवतीचे चारजण त्याची बाजू घेतात. त्या चारांत पहिला असतो.

या मंडळींना सर्वांत मोठी मदत निवेदकाची. हिट गाणं सुरू झालं की तो ओरडतो, "भडगावकर, हात वर!" सगळे हात वर जातात. खिशाला राखण म्हणून असलेला हातच आकाशात गेला, आता खिशाने काय करावं? मग एखादं हळवं गाणं लागतं आणि निवेदक म्हणतो, "सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च लावा!" मैदान उजळून निघतं. दृश्य खरंच देखणं असतं. गच्चीवरून बघणारे वाहवा करतात. आणि गर्दीतला तो कष्टाळू माणूस एका नजरेत कोणाकडे कुठल्या कंपनीचा फोन आहे, नवा की काच फुटलेला, आणि गाणं संपल्यावर तो पुढच्या खिशात जातो की मागच्या, सगळं टिपून घेतो. मालाचं असं झगझगीत प्रदर्शन भरवायचं, तेही मालकांच्या हातून, म्हणजे कमालच.

त्यानंतर माइकवरून सूचना येते, "महिला भगिनींनी आपापल्या सोनपोती सांभाळाव्यात." सूचना चांगल्या मनाने दिलेली असते. पण ती ऐकताच बांबूच्या पलीकडे शेकडो हात एकदम गळ्याशी जातात. ज्यांची पोत पदराखाली असते त्याही ती चाचपून जागा दाखवतात. फुकटच्या कार्यक्रमाला एवढं सोनं घालून का जायचं, असं एका काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मग घालायचं कधी? लग्नं काय रोज असतात?" खरंही होतं. घरी ठेवावं तर घराला कुलूप, आणि सगळी गल्ली गाण्याला गेलेली. चोरालाही ते माहीत असतं; म्हणून काहीजण मैदानावर येतात आणि काही गल्लीत.

मग दहाच्या सुमाराला एक आरोळी उठते, "माय व, मनी पोत!" दुसरीकडून, "मना मोबाईल गया रे भो!" मोबाईल गेलेल्या माणसाचा पहिला उपाय ठरलेला. तो शेजाऱ्याच्या फोनवरून स्वतःच्या नंबरला रिंग देतो. गाण्याच्या दणदणाटात ती रिंग ऐकू येईल अशी त्याला आशा असते. एकदा वाजतो, दुसऱ्यांदा बंद. मग नातेवाईक जमतात आणि सल्ले देतात, सगळे भूतकाळातले : "वरच्या खिशात ठेवाले पायजे व्हता." दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, गर्दीचा फायदा घेत चोरट्यांनी सोनपोत लांबवली. शेजारीच कार्यक्रमाची मोठी बातमी असते, अभूतपूर्व प्रतिसाद. दोन्ही बातम्या एकाच गर्दीच्या, पण पहिल्या बातमीत आयोजकांचं नाव नसतं.

फुकट कार्यक्रमात चोरालाही मोठी सूट असते. ६ ऑक्टोबर २०२४ ला कोचीत अ‍ॅलन वॉकर या डीजेचा कार्यक्रम झाला, तेव्हा गर्दीतून तीसहून अधिक महागडे फोन गेले. पोलीस माग काढत दिल्ली आणि मुंबईपर्यंत पोचले. तो तिकिटाचा कार्यक्रम होता. म्हणजे चोरांना तिकिटाचा नाहीतर भिंत ओलांडायचा खर्च, शिवाय प्रवास, सगळं धंद्यात गुंतवावं लागलं. भडगावात हा खर्च शून्य. आयोजकांनी भांडवलाशिवाय चालणारा उद्योग तालुक्यात आणला, असं म्हणायला हरकत नाही.

कायद्यानेही काळाची पावलं ओळखली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हिसकावून नेणं हा कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा ठरला आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. साध्या चोरीला कलम ३०३. त्यात एक सवलत आहे. माल पाच हजार रुपयांच्या आतला, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल परत दिलेला असेल, तर शिक्षा समाजसेवेची. आता आमच्याकडच्या फ्लेक्सवर निम्म्या फोटोंखाली 'समाजसेवक' असंच लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

जगातही फुकट गाण्याचा इतिहास बराचसा असाच आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २१ जुलै १९८३ ला डायना रॉस गायला उभी राहिली. लाखो लोक जमले, आणि वादळी पाऊस आला. कार्यक्रम अर्ध्यावर थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला. तो संपल्यावर टोळक्यांनी परतणाऱ्या लोकांना गाठून पाकिटं, साखळ्या, घड्याळं लुटली. गंमत म्हणजे या कार्यक्रमातून मुलांच्या क्रीडांगणासाठी पैसा उभा राहायचा होता. तो राहिला नाही. पुढे रॉसबाईंनी स्वतःच्या खिशातून अडीच लाख डॉलर दिले, तेव्हा कुठे क्रीडांगण झालं. फुकट कार्यक्रमाचं बिल कोणीतरी भरतंच. तिथे निदान ज्यांच्या नावाने कार्यक्रम झाला त्यांनी भरलं.

त्याआधी ६ डिसेंबर १९६९ ला कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँटला रोलिंग स्टोन्स या बँडचा फुकट जलसा झाला. बंदोबस्ताला हेल्स एंजल्स ही मोटारसायकलवाल्यांची टोळी होती, आणि मोबदला पाचशे डॉलरची बिअर, असं सांगतात. त्यांनी लोकांनाच बडवलं. गाणं चालू असताना स्टेजसमोर एका तरुणाला भोसकून मारलं. त्या दिवशी एकूण चार माणसं गेली. आमच्याकडे काळ्या टी-शर्टातली, दंड फुगवलेली पोरं 'बाउन्सर' म्हणून उभी असतात. त्यांच्या मोबदल्याची चौकशी आपण करू नये. पण त्यांचं तोंड कोणीकडे असतं ते बघावं. ती सोफ्यांभोवती कडं करून असतात. बांबूच्या कडेला कोणी मुलींना धक्के मारतंय, चिमटे काढतंय, मोबाईल वर धरून त्यांचं चित्रण करतंय, तिथे एकही नसतो. सोफ्यांना आजवर कोणी चिमटा काढल्याचं ऐकिवात नाही.

महिलांसाठी स्वतंत्र जागा केली, याचा उल्लेख प्रास्ताविकात न चुकता होतो. ती जागा तीन बाजूंनी बंद असते आणि चौथ्या बाजूने बाहेर पडायचं तर पुरुषांच्या उभ्या गर्दीतून वाट काढत जायचं. म्हणून बऱ्याच जणी मुख्य गायिका स्टेजवर यायच्या आतच उठतात. आमच्या गल्लीतले जिभाऊ म्हणतात, "बायांना गाण्याची आवडच कमी." जिभाऊंनी एकदा डोक्यावर पदर घेऊन त्या वाटेने यावं. गाण्याची आवड कशाने कमी होते ते कळेल.

आणि शेवटी दहा वाजतात. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. नियम रास्त आहे. पण सात ते नऊ तयारीत आणि शाली वाटण्यात गेल्याने ज्या गाण्यासाठी लोक आले ते पावणेदहाला सुरू होतं, आणि दहाला पोलीस निरीक्षक घड्याळ दाखवतात. आवाज बंद. त्या क्षणी मैदानातली सगळी माणसं एकाच वेळी, एकाच दिशेला, एकाच गेटकडे निघतात. गेट एकच, कारण कमान एकच. दुसऱ्या बाजूला गेट होतं, पण तिथे सोफेवाल्यांच्या गाड्या लागलेल्या. तिसऱ्या बाजूला जनरेटर.

फोन गेला तर दुसरा घेता येतो. या दहा मिनिटांत जाऊ शकतं ते मात्र बाजारात मिळत नाही. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्याच विद्यापीठात गाण्याचा कार्यक्रम सुरू व्हायच्या बेतात होता. पाऊस आला, बाहेरची माणसं आडोशासाठी खुल्या प्रेक्षागृहात घुसली, उतरत्या पायऱ्यांवर कोसळली आणि चौघांचा जीव गेला. ४ जून २०२५ ला बंगळुरूत क्रिकेटच्या विजयाचा सोहळा होता. प्रवेश फुकट असल्याचं समजून लाखो लोक स्टेडियमकडे धावले, दारांवर चेंगराचेंगरी होऊन अकराजण गेले. ४ जुलै २०२४ ला मुंबईत मरीन ड्राइव्हवर विश्वविजेत्या संघाच्या मिरवणुकीनंतर चपला-बुटांचे ढीग उरले. त्या ढिगांवर तेव्हा बरेच विनोद झाले. पण पायातली चप्पल माणूस सहज सोडत नाही. खाली वाकायला जागा नसते तेव्हाच सोडतो.

गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात, एका चौरस मीटरमध्ये सहा-सातपेक्षा जास्त माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. छाती फुगायला जागा उरत नाही. अनेकजण तुडवले जाऊन जात नाहीत, उभ्याउभ्याच श्वास कोंडून जातात. केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या नियोजनावर आख्खं मार्गदर्शक पुस्तक काढलं आहे. मैदानात किती माणसं मावतात ते आधी मोजा, आत-बाहेरच्या वाटा मोकळ्या ठेवा, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. आमच्याकडे मैदानात किती माणसं मावली हे दुसऱ्या दिवशी मोजतात, आणि आकडा जितका फुगेल तितके भाऊ मोठे होतात. जिथे चेंगराचेंगरी होता होता राहिली तो कार्यक्रम यशस्वी. खरी अडचण इथे आहे. चोराला गर्दी हवी आणि भाऊंनाही गर्दी हवी. गर्दी विरळ असावी असं वाटणारा माणूस मैदानात एकच, बंदोबस्ताचा हवालदार. त्याला विचारतो कोण?

गर्दी सांभाळणं होत नाही असं नाही. ब्राझीलमध्ये रिओच्या किनाऱ्यावर ३ मे २०२५ ला लेडी गागा फुकट गायली. वीस लाखांवर लोक आल्याचं तिथल्या नगरपालिकेने सांगितलं. किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटांवर तपासणी होती, हजारो पोलीस होते, आणि बॉम्बचा एक कट त्यांनी आधीच उधळला. वीस लाख माणसं सांभाळता येतात, तर गिरणाकाठची वीस हजार सांभाळायला रिओहून कोणी यायला नको. एक सत्कार कमी करून त्या पैशात दोन दिवे आणि एक जादा गेट होतं. पण कमानीची फीत कापता येते, फोटो येतो. बाहेर जायच्या गेटची फीत अजून कोणी कापलेली नाही.

तोवर आपलं आपण बघावं. सोनं घालायचंच असेल तर लग्नात घाला. फोनवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो. तो घरच्या वहीत लिहून ठेवा. फोन गेलाच तर तक्रार नोंदवून 'संचार साथी'वरून तो बंद करता येतो. मग चोराच्या हाती नुसती काच उरते. लहान मुलाच्या खिशात आपल्या नंबरची चिठ्ठी टाका. नाहीतर "निळा शर्ट घातलेलं मूल सापडलंय, नाव सांगत नाही, भत्ता मात्र मागतंय" ही घोषणा शाली वाटून झाल्यावरच होईल. मुलींना कोणी त्रास देत असेल तर "कशाला तमाशा" म्हणू नका, ११२ लावा. कार्यक्रम संपल्यावर वीस मिनिटं बसून राहा. खुर्च्या उचलणारी पोरं हाकलतील, तरी बसा.

आणि जाण्याआधी आयोजकांना एकच प्रश्न विचारा, बाहेर पडायचे रस्ते किती? उत्तर 'एक' आलं, किंवा उत्तराऐवजी कोण कोण पाहुणे येणार त्यांची नावं आली, तर खुशाल घरी थांबा. गाणं सकाळपर्यंत मोबाईलवर येतंच. आणि घरी थांबलात म्हणजे ते बघायला मोबाईलही तुमच्याकडेच असेल.